देशाच्या हिशेबवहीत आपला कांदा, आपले तेल

आमच्या घरी महिन्याचा हिशेब एक तारखेला लागत नाही, पाच-सहा तारखेला लागतो. पगार एक तारखेला जमा होतो खरा, पण दूधवाल्याचे, पेपरवाल्याचे, वाण्याचे बिल हाती यायला चार दिवस जातातच. मग रात्री जेवणे उरकली, ओटा पुसून झाला, की मी वही उघडून बसते. समोर आमचे 'हे' पेपर घेऊन. परवा असाच हिशेब चालला होता आणि चव्वेचाळीस रुपये काही केल्या जुळेनात. शेवटी वैतागून म्हटले, "जाऊ दे, गेले असतील कुठेतरी." तर पेपरातून डोके वर न काढता हे म्हणाले, "तुझे चव्वेचाळीस रुपये गेले. देशाच्या हिशेबात एकदा एका महिन्यात पाच अब्ज डॉलर चुकले होते. ते सापडायला महिना लागला."

मी पेन खालीच ठेवले. पाच अब्ज डॉलर म्हणजे नेमके किती, हे मला चटकन उमजलेही नाही. पण एवढ्या मोठ्या लोकांचाही हिशेब चुकतो, हे ऐकून का कोण जाणे, फार बरे वाटले!

मैत्रिणींनो, खरे सांगते, आयात-निर्यातीच्या बातम्या पुरुषांनी वाचायच्या अशी माझी इतकी वर्षे समजूत होती. 'व्यापारी तूट वाढली', 'निर्यातीत घट' असा मथळा दिसला की मी पान उलटून सरळ सोन्याच्या भावाकडे वळायची. त्या रात्री मात्र ह्यांना धरून बसवले आणि विचारत गेले. पुढे चार ठिकाणी वाचले, आमच्या वाण्याला छळले, निफाडच्या नणंदेशी फोनवर तासभर बोलले. आणि लक्षात आले ते हे, की ज्या बातमीचे पान मी उलटत होते ती माझ्याच फडताळातल्या डब्यांची बातमी होती.

पंधरा तारखेची वही

देशाचेही आपल्यासारखेच असते. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या साधारण पंधरा तारखेला दिल्लीचे वाणिज्य मंत्रालय मागच्या महिन्याचे आकडे जाहीर करते. इतक्या डॉलरचा माल बाहेर गेला, इतक्या डॉलरचा आत आला. आत आलेला जास्त असला, आणि आपल्याकडे तो जवळजवळ नेहमीच जास्त असतो, तर मधला फरक म्हणजे व्यापारी तूट. २०२४-२५ ह्या आर्थिक वर्षात आपण सुमारे ४३७ अब्ज डॉलरचा माल विकला आणि सुमारे ७२० अब्ज डॉलरचा विकत घेतला. (एक अब्ज म्हणजे शंभर कोटी. मीसुद्धा बोटांवर शून्ये मोजली.)

"अगंबाई, मग हा संसार चालतो कसा?" हा माझा पहिला प्रश्न. तर ही वही फक्त वस्तूंची आहे. पुण्या-बंगळूरला बसून परदेशी कंपन्यांची कामे करणारे आपले मुलगे, मुली आणि सुना जे मिळवतात ते सेवांच्या खात्यावर वेगळे लिहितात. त्याच वर्षी ती सेवांची निर्यात सुमारे ३८७ अब्ज डॉलरची होती. सेवा आपणही विकत घेतो, पण त्या खात्यात बरेच शिल्लक राहते. शिवाय आखातातून, अमेरिकेतून आपली माणसे घरी पैसे धाडतात ते आणखी निराळे. म्हणजे घरचे दुकान तोट्यात आणि सुनेच्या पगारावर घर उभे, असला हा मामला.

ही वही लिहितात कशी, तेही मजेशीर आहे. न्हावाशेवाच्या किंवा मुंद्र्याच्या बंदरात, विमानतळावर जो माल येतो-जातो त्याचा प्रत्येक कागद कस्टमवाल्यांकडे होतो. ती सारी माहिती कोलकात्याच्या एका सरकारी कार्यालयात जाते आणि तिथे तिची बेरीज होते. जगातल्या सगळ्या वस्तूंना क्रमांक लावलेले आहेत. भाज्या, कांदा आणि डाळी सातव्या प्रकरणात, चहा-कॉफी-मसाले नवव्यात, खाद्यतेल पंधराव्यात, सोने-हिरे-मोती एकाहत्तराव्यात. सासूबाई डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या ना, तसेच.

आणखी एक गंमत. निर्यातीच्या मालाची किंमत तो बोटीवर चढेपर्यंतची धरतात, आणि आयातीच्या मालाची मात्र बोटीचे भाडे, विमा सगळे मिळवून. म्हणजे विकताना मंडईतला भाव लिहायचा आणि घेताना रिक्षाभाड्यासकट लिहायचा! तूट थोडी मोठी दिसते ती यामुळेही.

फडताळ उघडून बघा

आता स्वयंपाकघरात चला. पहिला डबा तेलाचा. आपला देश जेवढे खाद्यतेल खातो त्यातले निम्म्याहून जास्त बाहेरून येते. वर्षाला सुमारे १६० लाख टन. पामतेल इंडोनेशिया-मलेशियाहून, सोयाबीनचे अर्जेंटिना-ब्राझीलहून, सूर्यफुलाचे मुख्यतः रशिया-युक्रेनहून. "आम्ही बाई पामतेल वापरतच नाही," असे म्हणणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील. पण बिस्किटे, फरसाण, हॉटेलातली भजी, अंगाचा साबण ह्यांतून ते घरात येतेच. ज्यांना रेशनच्या रांगेत पामोलिनसाठी उभे राहिल्याचे आठवते, त्यांना हे नवे नाही.

आता २०२२ आठवा. २४ फेब्रुवारीला युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि मार्चमध्ये आपल्या वाण्याने सूर्यफुलाच्या पिशवीचा भाव वाढवला. आपण त्याच्यावरच चिडलो. लोक सूर्यफूल सोडून दुसऱ्या तेलाकडे वळतात न वळतात तोच २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच थांबवली, का तर त्यांच्याच बायकांना तेल महाग पडू लागले होते. २३ मेला ती बंदी उठली. जेमतेम साडेतीन आठवड्यांचा प्रकार, पण आपल्या पिशवीवरचा भाव उतरायला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागले. चढताना भाव लिफ्टने चढतो आणि उतरताना जिन्याने उतरतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

दुसरा प्रसंग घरचाच. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरची आयातीची जकात साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेली. गणपती नुकतेच बसलेले, पुढे नवरात्र, त्यापुढे दिवाळीचा फराळ! दुसऱ्याच आठवड्यात आमच्या वाण्याकडे पंधरा लिटरचा डबा महागला. मी म्हटले, "अहो, हा डबा तर जकात वाढायच्या आधीचा आहे. ह्याला कसली जकात?" तो हसून म्हणाला, "वहिनी, पुढचा डबा मला नव्या भावाने भरायचाय ना!" त्याचेही खरे, माझेही खरे. इंडोनेशिया-मलेशियाहून तेलाची बोट दहा-पंधरा दिवसांत येते, अर्जेंटिनाहून निघालेलीला दीड महिन्याच्या आसपास लागतो. भाव मात्र बोटीची वाट बघत नाहीत.

पण ही जकात वाढवली का? कारण त्याच सुमाराला लातूर-अकोल्याकडचा सोयाबीन बाजारात यायचा होता आणि त्याला धड भाव नव्हता. बाहेरचे तेल स्वस्त येत राहिले तर आपल्या शेतकऱ्याच्या सोयाबीनला कोण विचारणार? पुढे ३० मे २०२५ च्या सुमाराला तीच जकात साडेसोळा टक्क्यांवर आणली. म्हणजे एका हाताने शेतकऱ्याला सावरायचे, दुसऱ्या हाताने आपल्याला. दोघांना एकदम सावरता येत नाही, हेच तर दुखणे.

दुसरा डबा डाळीचा. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती ते कोणती गृहिणी विसरेल? आमच्याकडे तेव्हा आमटी अशी पातळ व्हायची की धाकटा म्हणायचा, "आई, ह्यात डाळ पोहते की बुडाली?" त्यानंतर २०१६ साली आपल्या सरकारने मोझांबिकशी तुरीचा करार केला. आफ्रिकेतली ती तूर आपल्याकडे सप्टेंबरपासून पुढे येते, म्हणजे आपली जुनी तूर संपत आलेली असते आणि नवी डिसेंबर-जानेवारीशिवाय यायची नसते, नेमक्या त्या मधल्या दिवसांत. ब्रह्मदेशाहून तूर येते, उडीद येतो. मसूर कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून. तेव्हा डाळींच्या आयातीचा आकडा सप्टेंबर-ऑक्टोबरात फुगला की घाबरून जायचे कारण नाही, उलट दिवाळीच्या तोंडावर डाळ आटोक्यात राहील अशी आशा धरावी. लातूरच्या बाजारात मात्र तोच आकडा वाचून कोणाच्या तरी कपाळाला आठी पडलेली असते.

तिसरी आपली चिमूटभर हिंगाची डबी. वरणावरची फोडणी याहून मराठी ती काय असणार! पण कच्चा हिंग येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून, वर्षाला सुमारे बाराशे टन. आपल्याकडे हिंगाचे पीक नव्हतेच. हिमाचलातल्या लाहौलच्या थंड खोऱ्यात पहिले रोप लावले ते १५ ऑक्टोबर २०२० ला. झाड तयार व्हायला पाच वर्षे तरी लागतात. शिवाय डबीत आपण घेतो तो नुसता हिंग नसतो, त्यात कणीक किंवा तांदळाचे पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. डबीवरची बारीक अक्षरे एकदा चष्मा लावून वाचाच.

गॅसचे सिलिंडरही ह्याच वहीत. देशातला जवळजवळ साठ टक्के स्वयंपाकाचा गॅस अलीकडच्या वर्षांत बाहेरून, बहुतेक आखातातून आलेला आहे. 

आयात म्हणजे सगळी उधळपट्टीच, असे मात्र नाही हं. कोकणात आणि गोव्यात काजूचे कारखाने चालतात, त्यांतले बरेच काजूबी आफ्रिकेतून येते. सोलून, भाजून, प्रतवारी करून गर पुन्हा बाहेर जातो, आणि ते काम करणारे हात बहुतेक बायकांचे. हिऱ्यांचेही तेच. कच्चे येतात, सुरतेला पैलू पडतात, मुंबईतून परदेशी जातात. पिठाची गिरणी चालवणारीने गहू विकत आणला म्हणून कोणी तिला खर्चिक म्हणत नाही.

निफाडची नणंद आणि मी

आता जे सांगणार आहे त्याने माझी मान थोडी खाली जाते, तरी सांगते.

माझी धाकटी नणंद निफाड तालुक्यात दिली आहे. चार एकर रान, त्यात कांदा आणि थोडी द्राक्षे. २०२३ चा पाऊस तसा बेताचाच. कांदा महागत चालला म्हणून १९ ऑगस्टला निर्यातीवर चाळीस टक्के कर बसला, ऑक्टोबरअखेर टनाला आठशे डॉलरपेक्षा कमी भावाने बाहेर विकायचा नाही असे ठरले, आणि तरीही भाव उतरेना तेव्हा ८ डिसेंबरपासून निर्यात साफ बंद झाली. लासलगावला लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर उतरले. महिन्याभरात घाऊक भाव निम्म्यावर आले.

मी साताऱ्यात. माझ्या वहीत तेव्हा काय लिहिले आहे माहीत आहे? 'कांदा १० किलो. स्वस्त!' पुढे उद्गारचिन्हसुद्धा आहे. 

संक्रांतीच्या आसपास नणंदेचा फोन आला. तिळगूळ घ्या, गोड बोला झाले, आणि मग तिने विचारले, "वहिनी, तुमच्याकडं कांदा काय भावानं?"

"उतरला हो वन्सं. पंचवीसनं मिळाला परवा."

ती जरा थांबली. म्हणाली, "आमचा पंधरानं गेला. त्यातनं तोलाई, हमाली, गाडीभाडं. काढणीवाल्या बायांची मजुरी उरली, तेवढंच." आणि पुढे सहज म्हणावे तसे, "पोरीचं लग्न ह्या वर्षी नाही करत. पुढल्या साली बघू."

मला काही बोलायलाच सुचेना. माझ्या घरात ज्याने दहा किलोमागे काही रुपये वाचले, त्याच गोष्टीने माझ्या भाचीचे लग्न वर्षभर पुढे गेले. पेपरातली 'निर्यात घटली' ही दोन शब्दांची बातमी मला त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आली, तीही नणंदेच्या आवाजात.

बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण चाळीस टक्के कर आणि टनाला ५५० डॉलरची किमान किंमत ठेवून. सप्टेंबरमध्ये कर वीस टक्क्यांवर आला, किमान किमतीची अट गेली. करही पुरता गेला तो १ एप्रिल २०२५ ला. २०२२-२३ मध्ये आपला २५ लाख टन कांदा बाहेर गेला होता, पुढच्या वर्षी तो १७ लाख टनांवर आला. आणि बंद केलेले दार पुन्हा उघडले म्हणून जुने गिऱ्हाईक लगेच आत येत नाही. पापड-कुरडयांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायांना हे चांगले ठाऊक आहे. एका उन्हाळ्यात तुम्ही 'ह्या वर्षी जमणार नाही' म्हटलेत की ते घर दुसरीकडे पापड सांगते, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडे वळतेच असे नाही. कांद्याचे गिऱ्हाईकही असेच इजिप्त, पाकिस्तान, चीनकडे गेले.

बाहेरच्या बाईचे काय होते, तेही ऐका. २९ सप्टेंबर २०१९ ला अशीच बंदी आली होती. त्याच आठवड्यात बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. भर सभेत त्या हसत हसत म्हणाल्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला सांगून टाकले आहे, आता जेवणात कांदा घालू नकोस. आणि बंद करायचेच असेल तर आधी सांगत जा, अशी कोपरखळीही मारली. पंतप्रधानांच्या स्वयंपाकघरात ही गत, तर ढाक्यातल्या आपल्यासारखीचे काय झाले असेल!

त्या वर्षी डिसेंबरात आपल्याकडेच कांदा शंभराच्या वर गेला आणि तुर्कस्तान-इजिप्तहून कांदा मागवावा लागला. ते कांदे काही जणींना आठवत असतील. नारळाएवढे मोठे, पाणचट, तिखटपणाचा पत्ता नाही. एक कापला तर दोन दिवस पुरायचा, आणि फोडणीत टाकला की कोबी परतल्यासारखा वास! तो माल नीट पोचेपर्यंत आपला नवा कांदा बाजारात आला, मग तो बाहेरचा घ्यायला कोणीच तयार होईना. पुष्कळसा तसाच सडला.

माझे मत विचाराल तर सांगते, आणि ते सगळ्यांना पटेल असे नाही. कांदा फारच महागला तर चार दिवस कोशिंबीर काकडीची करावी. एका रात्रीत दार लावून घेण्याची ही पद्धत मला तरी बरी वाटत नाही. निदान शेख हसीना म्हणाल्या तसे, आधी सांगावे.

ते चुकलेले पाच अब्ज

आता सोने. २३ जुलै २०२४ ला अर्थसंकल्पात सोन्यावरची जकात पंधरा टक्क्यांवरून सहावर आली. त्याच दिवशी तोळ्यामागे भाव काही हजारांनी उतरला. नणंदेने उन्हाळ कांद्याचे चार पैसे आले होते ते घेऊन पंधरवड्यात नाशिक गाठले आणि भाचीचे मंगळसूत्र घेऊन टाकले. असे करणारी ती एकटी नव्हती. त्या ऑगस्टमध्ये देशात दहा अब्ज डॉलरचे सोने आले! पुढे दिवाळी, मग लग्नसराई.

आणि १६ डिसेंबरला नोव्हेंबरचे आकडे आले. सोन्याची आयात १४.८६ अब्ज डॉलर, तूट ३७.८४ अब्ज. सगळीकडे हलकल्लोळ. रुपया घसरला. 'भारतीय बायकांना सोन्याचे वेड' वगैरे लिहायला लोक मोकळे झाले. आमच्या ह्यांनीसुद्धा तेव्हा माझ्या बांगड्यांकडे एक तिरका कटाक्ष टाकल्याचे मला आठवते. पण महिन्याभरात कळले, की सोने मोजायलाच चूक झाली होती. खास निर्यातक्षेत्रांतली नोंद एका यंत्रणेतून दुसऱ्या यंत्रणेत नेताना तेच सोने दोनदा मोजले गेले. गोदामात आले तेव्हा एकदा, गोदामातून बाजाराकडे निघाले तेव्हा पुन्हा एकदा. दुधाची पिशवी कॅलेंडरवरही मांडायची आणि वहीतही, आणि महिनाअखेर दोन्हींची बेरीज करायची, असा प्रकार! खरा आकडा निघाला ९.८४ अब्ज डॉलर. पाच अब्जांचा आळ आपल्यावर उगाच आला होता. ह्यांनी तिरका कटाक्ष मात्र परत घेतला नाही.

म्हणून पंधरा तारखेचे आकडे कच्चे समजावेत. ते पुढे सुधारले जातात. सुधारलेला आकडा मात्र आतल्या पानावर, चार ओळींत येतो.

तरीही सोन्याचा प्रश्न खोटा नाही. १९९१ साली देशाच्या तिजोरीत परकीय चलन इतके थोडे उरले, की जेमतेम तीन आठवड्यांची आयात भागली असती. तेव्हा रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोने गहाण म्हणून विलायतेला आणि जपानला धरले. दागिना गहाण टाकून शाळेची फी भरणाऱ्या बायकांना त्या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागला नसेल. त्याआधीचा, १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याचा काळ तर आपल्या आया-सासवांनी भोगला. तो कायदा गेला १९९० मध्ये, आपल्या कोकणचे खासदार मधु दंडवते अर्थमंत्री असताना.

पंचांगही हवे हाताशी

एक युक्ती सांगते. ह्या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी लावू नये, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी लावावा. वैशाखातल्या खर्चाची तुलना आपण आषाढाशी थोडीच करतो? पण त्यातही एक खोड आहे. सरकारचे महिने इंग्रजी आणि आपली खरेदी तिथीने. २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला गेले. २०२४ ला ते १ नोव्हेंबरला होते, २०२५ ला २१ ऑक्टोबरला. मग कोणत्या ऑक्टोबरात सोने जास्त आले आणि कोणत्या ऑक्टोबरात सुट्ट्यांमुळे कारखाने बंद राहिले, हे पंचांग पाहिल्याशिवाय कसे कळणार?

२०२५ च्या ऑक्टोबरातली तूट ४१.६८ अब्ज डॉलर, तोवरची सर्वांत मोठी. सोन्याची आयात आदल्या ऑक्टोबरच्या तिप्पट. पण सोने तिप्पट वजनाचे आले का? नाही. सोन्याचा भावच वर्षभरात भडकला होता. वहीत पैसे लिहितात, वजन नाही. मीही वाणसामानाचा खर्च वाढला म्हणून घाबरते आणि नंतर बघते तर डबे तेवढेच भरलेले! त्याच महिन्यात निर्यातही उतरली होती. अमेरिकेने २७ ऑगस्ट २०२५ पासून आपल्या बऱ्याच मालावर पन्नास टक्के कर लावला होता, आणि टॉवेल-चादरी, तयार कपडे, कोळंबी, दागिने करणाऱ्यांना त्याची झळ बसली. आमच्या शेजारणीचा भाऊ सोलापूरला मागावर आहे. त्या दिवाळीत त्याच्या पाळ्या कमी झाल्या होत्या. कारण विचारले तर तो एवढेच म्हणाला, "ऑर्डर नाही."

घरात ह्याचा उपयोग काय, म्हणाल तर फार मोठा नाही. मी एवढेच करते. तेलाच्या जकातीची किंवा परदेशातल्या बंदीची बातमी आली तर घाबरून दोन डबे आणत नाही, कारण तेल खवट होते आणि महिन्याला लागते तेवढेच लागते. पंधरा दिवसांचे जास्त आणून ठेवते, बस्स. तूरडाळ नवी आली की जानेवारी-फेब्रुवारीत वर्षाची घेऊन ऊन दाखवून भरते. सोने भावाच्या बातमीवर नाही, गरजेवर. आणि उन्हाळ कांदा मे महिन्यात, सुका, घट्ट मानेचा बघून पन्नास किलो नणंदेकडूनच मागवते. ती पैसे घ्यायला तयार नव्हती. मी म्हटले, "वन्सं, बाजारभावानं घेतले तरच पाठवा."

भाचीचे लग्न २०२५ च्या मे महिन्यात झाले. आता दर महिन्याच्या सोळा तारखेला सकाळी नणंदेचा फोन येतो. पेपर तिच्याकडे दुपारी पोचतो, म्हणून मी वाचून दाखवते. कांद्याचा आकडा पेपरात नेहमी असतोच असे नाही, मग हे मोबाइलवर शोधून देतात. चाळीत तिचा कांदा भरलेला असतो, खालचे थर उमटू लागलेले असतात, आणि तिला ठरवायचे असते, आत्ता काढायचा की आणखी पंधरा दिवस थांबायचे.